खुंटाची निवड

२९ जून
आर्द्रा बऱ्या लागल्या. शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकांत वरुड, मोर्शी, काटोलकडची माणसं संत्र्याच्या कलमांसाठी गाड्या घेऊन आली होती. बहुतेक जण कलमाची उंची बघतात आणि दर विचारतात. मी रोपवाटिकेवाल्याला विचारलं, "भाऊ, खुंट कोणचा हाय?" "जंबेरी, जी. दुसरा कोणचा राहीन?" रंगपूर लाइम हवा असेल तर आगाऊ सांगावं लागतं म्हणाला. ज्या मुळांवर बाग पुढची कितीतरी वर्षं उभी राहायची, त्यांची कोणी चौकशीच करत नाही, याचं फार वाईट वाटतं.

३ जुलै
आणलेली कलमं एकेक करून पाहिली. वीतभर उंचीवर डोळा भरलेला, तिथे खोडाला बारीक वाक. एका कलमाला जोडाखाली कोवळी फूट आली होती. तिचं पान चुरगळलं तर लिंबाचा उग्र वास, वरच्या पानाला संत्र्याचा. फूट लगेच नखानं खुडली. ती वाढू दिली तर संत्र्याचा डोळा मागे पडतो आणि झाडाला आंबट, खडबडीत जंबेऱ्या लागतात.

७ जुलै
डोळा एकाच झाडाचा असला तरी खुंटागणिक झाड वेगळं होतं. जंबेरीची मुळं खोल आणि जोमदार. झाड भराभर वाढतं, माल भरपूर देतं, पाण्याचा ताणही सोसतं. पण मुळं पाणी जास्त ओढतात, त्यामुळे फळ मोठं, साल जाड आणि रसात गोडी कमी. तीन पानांच्या ट्रायफोलिएट खुंटावर याच्या उलट: झाड ठेंगणं, फळ गोड. जपानमधली सात्सुमा संत्री बहुतेक याच खुंटावर घेतात. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत मात्र त्याला लोह मिळत नाही, पानं पिवळी पडतात. त्यामुळे तो आपल्या कामाचा नाही.

१२ जुलै
झडी थांबली तसा नाल्याकडच्या तुकड्यात गेलो. पाणी अजून साचलेलं. जुन्या झाडांच्या बुडाशी डिंक ओघळलाय. साल खरवडली तर आत तपकिरी, कुजकी. हा फायटोफ्थोरा बुरशीचा डिंक्या. जंबेरी याला लवकर बळी पडते. रंगपूर तिच्याहून जास्त तग धरतो, चुनखडी आणि खारेपणाही सोसतो. मात्र डोळा निरोगी मातृवृक्षाचाच हवा. एक्सोकॉर्टिस हा रोग डोळ्यातून येतो आणि रंगपुराच्या खुंटाची साल फाटून निघते.

१५ जुलै
दिवसभर ब्राझीलबद्दल वाचत होतो. १९३७ च्या सुमारास तिथे ट्रिस्टेझा विषाणू पसरला आणि आंबट नारिंगाच्या खुंटावरची लाखो झाडं मेली. बागा पुन्हा उभ्या राहिल्या त्या मुख्यतः रंगपुरावर. पुढे १९९९ मध्ये मिनास जेराइस राज्यात रंगपुरावरचीच झाडं अचानक वाळू लागली. अख्खा मुलूख एकाच खुंटावर उभा करणं किती धोक्याचं! आपल्याकडे जंबेरीच्या बाबतीत तेच चाललंय.

१८ जुलै
वरच्या बरड उतारावर जंबेरीची कलमं लावली. जोड मातीच्या चांगला वर राहील असा प्रत्येक खड्डा स्वतः पाहिला. मजूर सवयीनं माती चढवतात, ती ओढून काढली. नाल्याकडच्या तुकड्यात यंदा काही लावायचं नाही. आधी चर खोदून पाणी काढायचं. रंगपुराची कलमं पुढच्या पावसाळ्यासाठी आजच नोंदवली, आणि डोळे कोणत्या बागेतल्या झाडाचे भरणार तेही पावतीवर लिहून मागितलंय.