भूप त्याचा, दुर्गा तिची

दोन-तीन माणसांचं संगीत नाटक बसवायचं ठरलं की बाकीचे संहितेवर बोलत बसतात. मी पेटीवाला. मला आधी गळे ऐकावे लागतात. येवल्यातल्या आमच्या हौशी मंडळींत नवऱ्याचं काम करणाऱ्याची पट्टी काळी एक, बायकोचं काम करणारीची काळी चार. मोठ्या नाटकात याचा कुणाला त्रास होत नाही. तो त्याच्या पट्टीत गाऊन जातो, मध्ये दोन प्रवेश होतात, मग ती तिच्या पट्टीत गाते. तोवर प्रेक्षकाचा कान आधीचा षड्ज विसरलेला असतो. आमच्या नाटकात मात्र त्याच्या अर्ध्या ओळीवर तिची अर्धी ओळ येते. दर वेळी पट्टी बदलायची म्हटलं तर नाटक राहील बाजूला आणि लोक माझ्या बोटांची धांदल बघत बसतील.

यावर तोड पेटीतच होती. काळी एकचा भूप वाजवून बघा: काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी चार, काळी पाच. चार काळ्या आणि एक पांढरी. आता सूर तेच ठेवा, फक्त काळी चारला षड्ज माना. दुर्गा झाला. ग्रंथांत याला मूर्च्छना म्हणतात आणि गाणारे बुजुर्ग मैफलीत तो खेळ सहज करून दाखवतात. आमच्यासाठी तो खेळ नव्हता, निकड होती. नवरा भूपात गातो, बायको दुर्गात, आणि पेटीवर तेच पाच सूर चालू राहतात. आसेला मी काळी एक आणि काळी चार दाबून ठेवतो. त्याला त्यात षड्ज-पंचम मिळतो, तिला षड्ज-मध्यम. दोघंही खूश. दुर्गाला तर मध्यमाचा तंबोरा मानवतोच.

हे प्रेक्षकाला कळत नाही, कळायचं कारणही नाही. पण ही पदं येतात त्या प्रवेशात पैठणी विणणारा नवरा सावकाराचं कर्ज फिटल्याच्या आनंदात आहे आणि बायकोला त्या आनंदावर विश्वास नाही. एका घरात, एका मागाशेजारी बसलेल्या दोघांचा ‘सा’ वेगळा आहे, हे न सांगता पोचतं. दिग्दर्शकाने पुढे याचं श्रेय स्वतःकडे घेतलं. घेऊ दे.

आपल्याकडे संगीत नाटक म्हटलं की डोळ्यांपुढे मोठा कारभार येतो. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं, तेव्हापासून पदांची रेलचेल हीच या प्रकाराची ओळख. पुढे बालगंधर्वांच्या काळात ऑर्गन, सारंगी, तबला, रात्र सरेपर्यंतचे वन्स मोअर. नाटक थांबे, गाणं होई, मग नाटक पुन्हा सुरू होई. त्यात वाईट काही नव्हतं, लोक गाण्यासाठीच येत. आमच्या नाशकाचे वसंत कानेटकर यांनी 1964 साली ‘मत्स्यगंधा’ दिलं. त्याला संगीत देताना जितेंद्र अभिषेकींनी पदांचा पसारा आवरला. तरीही पद हे पदच राहिलं. ते सुरू झालं की पात्राने हातातलं काम खाली ठेवायचं आणि समोर बघायचं.

‘देवबाभळी’ने आमच्यासारख्यांची हिंमत वाढवली, ती याच मुद्द्यावर. प्राजक्त देशमुखही नाशिकचाच. आधी एकांकिका होती, 2017 साली ‘भद्रकाली’ या नाट्यसंस्थेने तिचं दोन अंकी नाटक रंगमंचावर आणलं. आनंद ओक यांचं संगीत, आणि पात्रं दोनच, तुकोबांची आवली आणि लखुबाई होऊन तिच्या घरी आलेली रखुमाई. दोघीच बोलतात, दोघीच गातात. ते पाहून परतताना आमच्या गाडीत विंचूरपर्यंत कुणी बोललं नाही आणि विंचूरनंतर सगळे एकदम बोलायला लागले. जमलेलं मत एवढंच: एवढ्याशा माणसांत संगीत नाटक होतं. नट गोळा करण्यात ज्यांचा निम्मा जन्म गेला अशा मंडळींना ही केवढी मोठी बातमी, हे तालुक्याच्या गावी नाटक केल्याशिवाय समजणार नाही.

मात्र माणसं कमी झाली म्हणून काम कमी होत नाही. समूह असला की कच्चा गळा त्यात लपतो. इथे लपायला जागाच नाही. आणि सगळ्यांत अवघड काम गाण्याचं नसतंच, बोलण्यातून गाण्यात शिरण्याचं असतं. नट छान बोलत असतो, गाणं जवळ आलं की मान ताठ होते, डोळे दूर जातात आणि आवाज एकदम गायनाच्या परीक्षेला बसल्यासारखा लागतो. कालपर्यंत घरातली वाटणारी बाई क्षणात स्पर्धक होते.

याचं एक कारण चालीत असतं. जुन्या कित्येक पदांचा मुखडा पंचमाच्या आसपास किंवा थेट तार षड्जाला उभा राहतो. माइक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर ते बरोबरच होतं. पण काळी चारमध्ये गाणारी बाई साधं बोलते ती साधारण तिच्या षड्जाच्या आगेमागेच. तिथून एकदम पंचमावर उडी म्हणजे लोकांना ‘आता गाणं आलं हं’ अशी सूचनाच. म्हणून आम्ही तिची पदं मंद्र धैवत ते मध्य रिषभ एवढ्यात सुरू केली. वर जायचंच असेल तर दुसऱ्या ओळीत जा, तोवर लोक आत आलेले असतात. शिवाय संवादाच्या शेवटच्या तीन-चार वाक्यांखाली मी भाता जेमतेम हलवून सूर धरून ठेवतो. पूर्वी ऑर्गनवर सूर ठसठशीत दिला जाई. इथे तो ऐकू आला तर बिघडलं. बोलणाऱ्याचं वाक्य त्या सुरावर आपोआप टेकतं आणि गाणं कधी सुरू झालं ते तिलाही कळत नाही.

तयार ट्रॅकवर हे होत नाही. ट्रॅक थांबत नाही. नटीला एखाद्या प्रयोगात एका शब्दापाशी रेंगाळावंसं वाटलं की ट्रॅक पुढे निघून जातो आणि तिला त्याच्यामागे पळावं लागतं. मी तिच्या मानेकडे बघत बसतो. श्वास घेताना गळ्याच्या खळगीत किंचित हालचाल होते, तेवढी मला पुरते.

तालाची गोष्ट मात्र फार चर्चेची झाली. नाटक पैठणी विणणाऱ्या घरातलं, तेव्हा तबलजीच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून एकच कल्पना: मागाचा आवाज म्हणजे केरवा. खट-खट, खट-खट, त्यावर पदं. ऐकायला झकास. तालमीला दोन-तीनदा आम्ही तसं केलंही. नवऱ्याचं काम करणारा गडी स्वतः विणकर. तो गप्प होता. मग एका रात्री म्हणाला, “दादा, हा मालेगावचा आवाज आहे. आपला नाही.”

खरंच होतं ते. मालेगाव आमच्याच जिल्ह्यातलं, तिथे यंत्रमाग. गल्लीतून चालताना एकसारखा खडखडाट कानावर येतो. येवल्याचा हातमाग वेगळा. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो. साडीचं साधं अंग चालू असेल तेव्हा धोटा इकडून तिकडे जातो, फणी ठोकली जाते आणि थोडीफार लय सापडते. पण पदर सुरू झाला की ती लय मोडते. मोराच्या नाहीतर पोपटाच्या एकेका रंगाची वेगळी छोटी कांडी, ती बोटांनी ताण्यात जेवढ्यास तेवढी फिरवायची, मग पुढची. एक ओळ भरायला किती वेळ जाईल ते नक्षी ठरवते. सगळे रंग भरून झाले की मग एक ठोका. मग पुन्हा शांतता. पुढचा ठोका कधी पडेल ते ऐकणाऱ्याला सांगता येत नाही.

त्या रात्री आम्ही केरवा काढून टाकला. पदराच्या प्रवेशात तबला नाहीच. बायको गाते, नवरा विणण्याचा अभिनय करतो, आणि फणीचा ठोका त्याच्या हाताला पटेल तेव्हा पडतो, कधी समेआधी, कधी शब्दाच्या मधोमध. पहिल्यांदा ती दचकायची. मग तिने त्या ठोक्याची वाट बघणं सोडलं आणि गाणं सुधारलं. तबलजी अजून रुसलेला आहे. त्याच्या मते प्रेक्षकाला ठेका लागतो, आणि तो अगदीच चुकीचं बोलतो असंही नाही. मंगल कार्यालयात पत्र्याखाली दहा-बारा पंखे फिरत असताना शांततेचं नाटक करणं हा अडेलपणाच आहे.

माइकचं एका वाक्यात सांगतो: डोक्यावरून पदर घेणाऱ्या बाईला कॉलर माइक लावू नका, गाण्यापेक्षा कापडच जास्त ऐकू येतं.

स्पर्धेचा प्रयोग झाला तेव्हा एका परीक्षकांनी सांगितलं की संगीत नाटक म्हणावं तर गाणी कमी पडतात. आमची गाणी चौदा. परतताना गाडीत सगळ्यांनी बोटांवर मोजली, चौदाच भरली. मला मनातून बरं वाटलं. निम्मी गाणी त्यांनी बोलणं म्हणून ऐकली असणार. बाकीच्यांना हे समाधान पटलं नाही, कारण बक्षीस मिळालं नव्हतं.

आता पुढचा प्रयोग ठरलाय आणि लग्नसराई तोंडावर आहे. आमच्या विणकराच्या मागावर ऑर्डर चढलेली. तो रात्रीसुद्धा सुटणार नाही, आणि सुटावं असं त्याला म्हणायची आमची छाती नाही. बदली म्हणून शाळेतले एक सर तयार झालेत. गळा चांगला, पाठांतर चोख, फणी कशी धरतात ते शिकायला रोज संध्याकाळी विणकराच्या घरी जाऊन बसतात. त्यांची पट्टी पांढरी दोन. म्हणजे त्यांचा पंचम पांढरी सहा, म्हणजे तिचा षड्ज अर्धा सूर वर. एरवी ती तेवढं हसत गाईल, पण शेवटच्या पदात भरलेला हंडा उचलता उचलता तार मध्यमाला जायचं आहे. ती म्हणते, हंडा रिकामा ठेवा. दिग्दर्शक म्हणतो, रिकामा हंडा उचलणारी बाई शेवटच्या रांगेलाही कळते. मी सरांना काळी एकात गाऊन बघा म्हटलंय. उद्या तालमीला ऐकू.