टेलच्या शेतकऱ्यानं तैवान का बघावं

परभणी

ती. दाजींना सा. न. वि. वि.

अक्काचा फोन येऊन गेला. भाचेबुवांनी सिंगापूर-बँकॉकच्या सहलीची चौकशी करून ठेवली आहे आणि तुम्ही ‘उंच बिल्डिंगा बघायला एवढे पैसे घालायचे का’ म्हणून विषयच मिटवलात, असं समजलं. फोनवर तुमच्याशी वाद घालून मी आजवर कधी जिंकलेलो नाही, म्हणून हे पत्र. बिल्डिंगांबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण म्हणून घरीच बसावं असं नाही. तुम्ही दोघांनी तैवानला जाऊन यावं.

आमची लेक ताइनानच्या विद्यापीठात शिकते, तेव्हा मी हेच सांगणार, असं अक्का म्हणेल. म्हणू दे. लेकीमुळे आमचं जाणं झालं हे खरं आहे. पण तुम्हाला तिथं पाठवावंसं वाटतं ते एका कालव्यापायी. सात नंबरचा अर्ज भरून, पाणीपट्टी भरून, पाळी सुटली की रात्री बॅटरी घेऊन चारीवर जाऊन बसण्यात तुमची उमर गेली. वरच्यांचे ऊस भिजून उरलं तर कालव्याच्या शेवटी, टेलला पाणी, हा आपला अनुभव. अशा माणसानं परदेशात बघण्यासारखं काही असेल, तर ते तिथं आहे.

आधी त्या बेटाचा अंदाज देतो. तैवानचं क्षेत्रफळ साधारण ३६ हजार चौरस किलोमीटर. आपला मराठवाडा ६४ हजारांच्या वर आहे, म्हणजे त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. त्यातही दोन तृतीयांश भाग डोंगराचा, तीन हजार मीटरच्या वरची शिखरंच दोनशेहून अधिक. लोकवस्ती सव्वादोन कोटींवर. शेती राहिली ती पश्चिमेच्या पट्टीत, आणि त्या पट्टीतला सगळ्यांत मोठा सपाट मुलूख म्हणजे च्याई ते ताइनान. कर्कवृत्त तिथूनच जातं, त्यामुळे ऊन ओळखीचं वाटतं. पाऊस आपल्या परभणीच्या दुपटीच्या जवळपास, पण तो बहुतेक मे ते सप्टेंबरमध्ये. हिवाळा कोरडा ठणठणीत. शंभर वर्षांपूर्वी या भागाची रड अशी की पावसाळ्यात पूर, उरलेलं वर्ष पाण्याची बोंब आणि समुद्राकडची जमीन खारपट.

तेव्हा तिथं जपानचं राज्य होतं, १८९५ ते १९४५. हात्ता योइची नावाचा एक जपानी इंजिनिअर तोक्योला शिकून १९१० मध्ये तिथं नोकरीला आला. त्यानं वुशानतौचं धरण आणि च्यानान कालव्याची आखणी केली. १९२० मध्ये काम सुरू झालं, १९३० मध्ये पुरं झालं. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो आणि नवाब अली नवाज जंग मांजरेवर निजामसागर बांधत होते. ते धरण १९३१ चं. म्हणजे दोन्ही कामं एका पिढीची.

धरण मातीचं आहे, लांबी सव्वा किलोमीटरच्या वर, उंची ५६ मीटर. नदी आहे डोंगरापलीकडे, म्हणून तिचं पाणी तीन किलोमीटरच्या बोगद्यातून इकडे आणलं. त्या बोगद्यात १९२२ च्या डिसेंबरात वायूचा स्फोट होऊन पन्नासावर माणसं गेली. काम चालू असताना अपघातात आणि रोगराईत दगावलेल्यांचा एक स्तंभ धरणाजवळ आहे. त्यावर १३४ नावं आहेत. जपानी आणि तैवानी अशी वेगळी यादी केलेली नाही, सगळी एकत्र कोरलेली आहेत.

आता हिशेब बघा, तो तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. आपल्या जायकवाडीच्या नाथसागराची क्षमता १०२ टीएमसी. शास्त्रीजींनी १९६५ मध्ये पायाभरणी केली, इंदिराबाईंनी १९७६ मध्ये लोकार्पण केलं. डावा-उजवा कालवा मिळून लाभक्षेत्र सुमारे १ लाख ८३ हजार हेक्टर. वुशानतौचा मूळ साठा साडेपाच टीएमसीच्या आसपास, आणि आता गाळानं तोही जवळपास निम्म्यावर आला आहे. एवढ्याशा धरणावर हात्तानं साधारण १ लाख हेक्टर धरले. उत्तरेकडे दुसऱ्या नदीवर आणखी ५० हजार. पाऊस दुप्पट आहे, नदीचं पाणी वर्षभर थोडंथोडं बोगद्यातून येत राहतं, १९७३ मध्ये वर दुसरं मोठं धरण झालं, हे सगळं जमेला धरा. तरी साठा आणि क्षेत्र यांचं प्रमाण बघून मी थक्क झालो.

त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. पाणी होतं साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या जमिनीपुरतं. धरणाजवळच्या तेवढ्या जमिनीला भरपूर पाणी देऊन बाकीच्यांना हात दाखवता आला असता. त्यानं सगळ्यांना ओलिताखाली घेतलं आणि पाणी वर्षांमध्ये वाटलं. दीडशे हेक्टरांचा एक गट, त्यात पन्नास-पन्नास हेक्टरांचे तीन तुकडे. एका तुकड्याला यंदा भाताचं पाणी, दुसऱ्याला उसापुरतं, तिसऱ्याला काहीच नाही. त्यानं रताळ्यासारखं कोरडवाहू पीक घ्यायचं. पुढच्या वर्षी तुकडे बदलायचे. तीन वर्षांत प्रत्येकाची भाताची पाळी एकदा यायचीच, शेत धरणाच्या पायथ्याशी असो की समुद्राजवळ. त्यासाठी चाऱ्या-पोटचाऱ्या आणि निचऱ्याचे चर मिळून १६ हजार किलोमीटरचं जाळं खोदलं. खारपट जमिनीचं मीठ निचऱ्याच्या चरांनीच धुऊन काढलं, हे विसरू नका. आपल्याकडे कालवा आला आणि निचरा राहिला, त्यानं काय काय चोपण झालं हे तुम्ही बघताच आहात.

तुम्ही म्हणाल, हे तर आपल्या पांझरेवरच्या फड पद्धतीत होतंच. खरं आहे. धुळ्याकडे फडाफडानं पिकं ठरवून पाटकरी पाणी देत, त्याला काही शतकं झाली. पुरंदरच्या नायगावात बहात्तरच्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी माणशी पाणी वाटून दाखवलं, ऊस नाही म्हणून सांगितलं. पण तो गावाचा, फार तर नदीच्या एका वळणाचा मामला. लाखावर हेक्टरांना तोच न्याय लावलेला बघायला तैवानलाच जावं लागतं. जायकवाडीच्या आखणीतही उसाला अगदी थोडा वाटा होता, भर आठमाही पिकांवर होता. पुढे कालव्याच्या तोंडाशी कसला पाला वाढला, ते मी तुम्हाला सांगायला नको.

पण मी तुम्हाला कुणाची आरती ओवाळायला पाठवत नाही. जपान्यांना तिथून तांदूळ आणि साखर हवी होती, म्हणून त्यांनी तिजोरी उघडली. तीन वर्षांच्या पाळीत ऊस बसवला त्यात साखर कंपन्यांचं भलं होतं. पाणीपट्टीचा भार शेतकऱ्यांवर पडला आणि त्यांनी या कालव्याला चावरा म्हणून नावं ठेवली. पाळी पाळण्यासाठी गटागटाचे पाटकरी असत. टंचाई आली की ते उदबत्ती लावत; काडी जळून संपली की तुझं पाणी बंद, पुढच्याचं सुरू. चिरीमिरी घेऊन काडी लांब करता येत नसेल, असं मात्र मला कुणी सांगितलं नाही!

हात्ताचा पुतळा धरणावर आहे. तो जरूर बघा. आपल्याकडे पुतळा म्हटलं की चौथरा, कोट, पुढे केलेलं बोट. हा गडी कामाच्या कपड्यांत, पायांत बूट, जमिनीवर फतकल मारून बसला आहे. एक गुडघा उभा, त्यावर कोपर टेकलेलं, हात केसांत. नजर खाली तलावाकडे. बांधावर बसून इंजिन का बंद पडलं याचा विचार करणारा माणूस दिसतो तसा. कामगारांनी आणि सहकाऱ्यांनी १९३१ मध्ये त्याच्या हयातीतच तो बसवला. युद्धात धातू गोळा होऊ लागला तेव्हा, आणि पुढे जपानी नावं पुसली जाऊ लागली तेव्हाही, तो लपवून ठेवला गेला. १९८१ मध्ये पुन्हा जागेवर आला. २०१७ मध्ये कुणी त्याचं मुंडकं उडवलं, तर ८ मेच्या आत दुरुस्त करून बसवलं. ८ मे हा त्याचा मृत्युदिन. १९४२ मध्ये फिलिपाइन्सला पाण्याच्या कामासाठी जाताना अमेरिकन पाणबुडीनं त्याचं जहाज बुडवलं. जपान हरल्यावर, १९४५ च्या सप्टेंबरात, त्याच्या बायकोनं याच धरणाच्या पाण्यात जीव दिला. दोघांची समाधी पुतळ्यामागे आहे. राज्यकर्त्यांच्या जातीचा माणूस, तरी दरवर्षी तिथं कार्यक्रम होतो.

आजची गोष्टही ऐका. २०२० मध्ये तैवानवर एकही वादळ धडकलं नाही, म्हणजे त्यांचा पाऊसच आला नाही. २०२१ मध्ये सरकारनं कितीतरी भातशेतीचं पाणी बंद केलं आणि पडीक ठेवल्याबद्दल भरपाई दिली. याच मुलखात, ताइनानच्या बाजूला, मोबाइल-कॉम्प्युटरच्या चिपांचे जगातले बडे कारखाने आहेत. त्यांना धुण्यासाठी स्वच्छ पाणी अफाट लागतं. शेतकरी की कारखाना, हा वाद तिथंही पेटला. शिवाय शेतकऱ्यांच्या ज्या पाणी संस्था पिढ्यान्‌पिढ्या हा कारभार बघत होत्या, त्या २०२० मध्ये सरकारनं आपल्या खात्यात घेतल्या. नगर-नाशिक आणि मराठवाड्याचं समन्यायी वाटप कोर्टकचेऱ्यांत अडकलेलं आपण बघतो. तिथला वाद ऐकताना तुम्हाला परकं वाटणार नाही. मला तिथं फिरताना सारखं वाटत होतं की टेलला पाणी येत नाही याला आपण भोग म्हणून सोडून देतो, आणि इथं एका माणसानं पहिली कुदळ पडायच्या आधी कागदावर ठरवलं होतं की ते यायचं. हे तुमच्या डोळ्यांनी बघितलंत, तर पाणीवापर संस्थेच्या बैठकीत तुम्ही मागच्या खुर्चीत बसणार नाही.

आता अक्कासाठी. तिला पहिली काळजी जेवणाची. तिथं बौद्धांमुळे शाकाहारी खाणावळी गल्लोगल्ली आहेत. पाटीवर बऱ्याचदा स्वस्तिक असतं, फक्त उलट्या बाजूचं. ज्या पक्क्या असतात त्यांत कांदा-लसूणही नसतो, म्हणजे चातुर्मास आपोआप पाळला जाईल. अंड्याचं मात्र विचारून घ्यावं. दुसरं, धरणाजवळ ग्वांतियन गाव आहे ते शिंगाड्यांचं. बाया कंबरभर पाण्यात उतरून, प्लॅस्टिकची घंगाळासारखी होडी पुढे ढकलत, वेल उलटून खालचे शिंगाडे तोडतात. त्यांचा शिंगाडा बैलाच्या शिंगांसारखा दोन टोकांचा. रस्त्याकडेला वाफेवर शिजवून पिशवीत देतात. दातांनी मधोमध फोडायचा, आत पिठूळ, किंचित गोड. उपासाला चालेल. त्याच तळ्यांत लांब शेपटीचे कमळपक्षी पानांवर चालताना दिसतात. वेगवान रेल्वे त्यांच्या मुलखातून गेली, तेव्हा बदल्यात त्यांच्यासाठी पाणथळ जागा राखली, आणि आता ते पुष्कळ झाले आहेत.

ती रेल्वे २००७ पासून आहे, ताइपेहून ताइनानला दोन तासांच्या आत पोचवते. च्याईहून अलिशानला डोंगरातली जुनी छोटी गाडी जाते, चहाचे मळे आणि उंचच उंच झाडं. पूर्वेकडची तारोकोची घळ सुंदर म्हणतात, पण २०२४ च्या एप्रिलमधल्या भूकंपात तिचं फार नुकसान झालं. जायच्या आधी लेकीला विचारून घ्या.

व्हिसा लागतो. आपलं आणि त्यांचं राजनैतिक नातं नाही, पण त्यांचं केंद्र मुंबईत २०२४ मध्ये उघडलं आहे, दिल्लीला जायची गरज नाही. देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून बँकॉक किंवा हाँगकाँगवरून विमान. वादळांचा जोर सप्टेंबरपर्यंत, शिंगाडे नोव्हेंबरपर्यंत. तेव्हा हरभऱ्याची पेरणी उरकली की लगेच निघा. कापूस वेचणीचं भाचेबुवा बघतील.

एक काम आधी करा. तिथल्या पाणी खात्याच्या माणसांना काय काय विचारायचं, ते एका कागदावर लिहून मला पाठवा. चारी कोण उकरतं, पाळी चुकवली तर दंड किती, वरच्यानं दार जास्त उघडलं तर तक्रार कुणाकडे, सगळं लिहा. लेक ते चिनीत उतरवून ठेवेल. मी तिथं उभा होतो तेव्हा मला असे प्रश्न सुचले नाहीत. माझ्यासारख्या भूगोल शिकवणाऱ्याला ते सुचणारही नाहीत.

अक्काला नमस्कार. पासपोर्टचे फोटो या आठवड्यात काढून घ्या.

तुमचा,
मेहुणा