पूडलचा जमाखर्च

आमच्या वसईच्या वाडीत कुत्रा पाळणे ही पूर्वी खर्चाची बाब नव्हती. केळीच्या बागेला राखण हवी म्हणून कुत्रा असे. उरलेली भाकरी, माशांचे काटे आणि सणाच्या दिवशी मटणाची हाडे एवढीच त्याची मजुरी. तो आला कोठून, हे कुणी विचारीत नसे. मग त्याची किंमत विचारण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे २०१८ साली मुंबईत राहणाऱ्या माझ्या मुलाने ३५,००० रुपये मोजून टॉय पूडल जातीचे पिलू घरी आणले, तेव्हा आमच्या आळीत कित्येक दिवस तोच एक विषय होता.

२०२१ साली मुलगा कुटुंबासह कॅनडाला गेला. पिलाला विमानाने नेण्याचा खर्च त्याच्या खरेदीच्या चौपट निघाला आणि जिनी आमच्याकडे आली. जर्दाळूच्या रंगाची, कुरळ्या केसांची, जेमतेम चार किलो वजनाची. मी बत्तीस वर्षे बँकेत नोकरी केली आहे. निवृत्तीनंतरही खर्च लिहून ठेवण्याची सवय सुटलेली नाही. जिनीच्या नावाची एक स्वतंत्र वही मी त्याच आठवड्यात घातली. या लेखातले आकडे त्या वहीतले आहेत.

पूडल म्हटले की श्रीमंतांच्या मांडीवरचे शोभेचे कुत्रे डोळ्यांसमोर येते. वस्तुतः ही पाण्यातल्या शिकारीची जात. तिचे नावच पाण्यात डुबकणे या अर्थाच्या जर्मन शब्दावरून पडले आहे. शिकाऱ्याने टिपलेले पाणपक्षी तळ्यातून काढून आणणे हे थोरल्या पूडलचे काम. पोहताना ओझे होऊ नये म्हणून त्याचे अंग भादरीत आणि थंड पाण्यात ऊब राहावी म्हणून छातीवर व सांध्यांवर केस राखीत. आज आपल्याला नखरेल वाटणारी ती केशरचना अशी गरजेतून जन्मली. पुढे माणसाने हीच जात लहान लहान करीत मांडीवर बसेल एवढी केली. तरीही रक्तातले पाणी गेलेले नाही. पहिल्याच पावसाळ्यात जिनीने आमच्या बावखलात उडी घेतली आणि कुणी न शिकवता पलीकडचा काठ गाठला. मी काठावर जीव मुठीत धरून उभी होते. ती मात्र आनंदाने शेपटी हलवीत बाहेर आली.

त्या आनंदाचे देयक चार दिवसांनी आले. पूडलचे केस इतर कुत्र्यांप्रमाणे घरभर फारसे गळत नाहीत. ते माणसाच्या केसांसारखे वाढतच राहतात. रोज विंचरले नाहीत तर त्यांच्या जटा होतात आणि जटांखाली ओल राहून कातडी सडते. कानाच्या आतही केस असल्याने तेथे ओलावा साठतो. जिनीचा कान सुजला. औषधे, दोनदा तपासणी आणि अंगावरच्या जटा कापणे असा ३,४०० रुपयांचा खर्च मी त्या महिन्यात लिहिला. तेव्हापासून रोज संध्याकाळी वीस मिनिटे विंचरणे आणि दर सहा आठवड्यांनी केस कापून घेणे हा आमच्या घरचा नेम झाला आहे.

आता वर्षाचा हिशेब सांगते. खाद्य २४,०००, केस कापणे १२,०००, लसी, जंतांची औषधे व गोचिडांवरचे उपाय मिळून ७,०००. एकूण ४३,००० रुपये. म्हणजे ज्या किमतीची आळीभर चर्चा झाली, ती एका वर्षाच्या खर्चाइतकीही नव्हती. अशी छोटी पूडल साधारण बारा ते पंधरा वर्षे जगते. चौदा वर्षे धरली तर ही रक्कम सहा लाखांवर जाते, आणि त्यात आजारपण धरलेले नाही. मुलगा दर महिन्याला पैसे पाठवतो. संध्याकाळची वीस मिनिटे मात्र त्याला कॅनडाहून पाठवता येत नाहीत. नाताळात प्रेमाने केक भरवू पाहणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा हात धरून, मनुके कुत्र्याला विषासमान असतात, हे समजावणे कोणत्या रकान्यात लिहावे, हेही मला कळलेले नाही.

आजारपण आले ते २०२३ साली. जिनी मागचा एक पाय उचलून चालू लागली. गुडघ्याची वाटी जागची सरकत होती. लहान जातींच्या कुत्र्यांत हा दोष बहुधा आईबापांकडून येतो. विक्रेत्याने पिलाचे आईबाप दाखवलेच नव्हते. कागदपत्रेही दिली नव्हती. पिलू तेव्हा जेमतेम पाच आठवड्यांचे होते. वास्तविक आठ आठवड्यांच्या आतील पिलू विकू नये आणि पैदास करणाऱ्याने सरकारी नोंदणी केलेली असावी, असे केंद्र सरकारचे नियम २०१७ सालीच आले होते. जो खर्च विक्रेत्याने जिनीच्या आईबापांवर केला नाही, तो पाच वर्षांनी आमच्या वहीत उतरला. शस्त्रक्रिया, क्ष-किरण तपासणी आणि औषधे मिळून ४८,००० रुपये.

तो मे महिना होता. पावसापूर्वी घराची कौले चाळायची होती. वाडीत काम करणाऱ्या बाईंच्या मुलीची महाविद्यालयाची फी भरायची होती. तिला आम्ही शब्द दिला होता. ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षण ग्रंथात या विषयावर दोन्ही बाजूंनी सांगितले आहे. प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही, आणि माणसाच्या दुःखनिवारणासाठी जो पैसा आधी जायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. वाचताना दोन्ही वचने पटतात. पण एकाच महिन्यात, एकाच पासबुकासमोर ती दोन्ही येऊन उभी राहतात, तेव्हा झोप लागत नाही.

यजमान म्हणाले, "मुलीची फी आधी, कुत्रीचा पाय मग, कौले शेवटी." तसेच केले. त्या पावसाळ्यात माजघरात दोन ठिकाणी पातेली ठेवावी लागली. फी भरली, जिनी चार पायांवर चालू लागली. तरीही एक गोष्ट मनात राहिली आहे. शस्त्रक्रियेचे बिल टेबलावर पडले होते. बाईंनी झाडताना ते उचलले, क्षणभर पाहिले आणि न बोलता पेपरवेटखाली ठेवले. तो आकडा मुलीच्या फीच्या दुपटीहून अधिक होता. त्या नजरेपुढे मांडता येईल असा हिशेब माझ्या वहीत नाही.

विचारान्ती मला एवढेच उमगले आहे. पूडल विकत घेईपर्यंतचा प्रत्येक रुपया हौसेचा असतो. तो खर्चावा की नाही, याचे स्वातंत्र्य आपल्याला असते. ती उंबरठा ओलांडून आत आली की तिचे अन्न, तिचे केस, तिचा गुडघा हे आपल्यावरचे देणे होते. देणे टाळता येत नाही. म्हणून गरिबाचा विचार, घराचा विचार, स्वतःच्या वयाचा विचार हे सारे खरेदीच्या आधी करायचे असतात. आधी आईबाप पाहावेत, कागद मागावेत, आणि वर्षाचा खर्च कागदावर मांडून चौदाने गुणावे.

गेल्या वर्षी शेजारच्या मुलीने पहिल्या कम्युनियनची भेट म्हणून पूडलच हवी असा हट्ट धरला. तिची आई विचारायला आली, तेव्हा मी ती वही तिच्या हाती दिली. तीन दिवसांनी मायलेकी वही परत घेऊन आल्या. मुलीने बोटे मोजीत विचारले, "आजी, जिनी म्हातारी होईल तेव्हा मी कितवीत असेन?" मी म्हटले, "बाळ, अशा पिलाच्या म्हातारपणी तुझी शाळा केव्हाच संपलेली असेल. कदाचित तू या गावातही नसशील." ती बराच वेळ जिनीच्या पाठीवरून हात फिरवीत बसली. हट्ट तिने सोडला की पुढे ढकलला, हे मी अजून विचारलेले नाही. मात्र रविवारी दुपारी ती विंचरण्याचा ब्रश मागायला येते, आणि त्या दिवशीची माझी वीस मिनिटे वाचतात.