बत्तीस एकरांचे मालक

आमच्या चिंटूला सध्या आफ्रिकेच्या सफारीचं वेड लागलंय. केनियातले बबून कसे गाडीवर चढतात, हातातलं केळं कसं पळवतात, दिवसभर हेच पुराण! शेवटी मी म्हटलं, "अरे, त्यांचे भाऊबंद आपल्या सोलापूरच्या शेजारीच आहेत. चल, दाखवतो."

धाराशिवची एसटी पकडली. तुळजापूरचा घाट येईपर्यंत शिकवणी झाली. दोस्तांनो, आपल्या भागात दोन जाती. तांबूस तोंडाचं, डोक्यावर केसांची टोपी घातल्यासारखं दिसतं ते माकड. काळ्या तोंडाचं, राखाडी अंगाचं, अंगापेक्षा लांब शेपटीचं ते वानर. माकडाच्या गालात पिशव्या असतात. दाणे भराभर कोंबायचे नि मग निवांत चावायचे! बबूनही अगदी तस्संच करतो. दोघं जवळचे नातेवाईक ना! वानराला मात्र गालपिशव्या नाहीत. त्याचं पोट कप्प्याकप्प्यांचं, त्यात झाडपाला आंबून पचतो. पूर्व आफ्रिकेतला कोलोबस हा त्याचा चुलतभाऊ. तोही पालाखाऊ. गंमत म्हणजे कोलोबसच्या हाताला अंगठाच नसतो, नुसता खुंट!

धाराशिवजवळच्या उपळा गावात पोचलो. या गावात तब्बल ३२ एकर जमीन माकडांच्या नावावर आहे. खोटं नाही, ग्रामपंचायतीच्या कागदपत्रांत तशी नोंद आहे! कुणी लावली, कधी लावली, गावालाही ठाऊक नाही. २०२२ साली ही बातमी देशभर गाजली. पूर्वी इथं लग्न असलं, की पहिला आहेर माकडांना, मग मंगलाष्टकं. आता ती रीत सगळेच पाळत नाहीत. माकडंही कमी झालीत. २०२२ साली शंभरेक उरली होती. त्यांच्या जमिनीवर वनखात्यानं झाडं लावली, हे मला फार आवडलं. आहेर एक दिवसाचा, झाड कितीतरी वर्षांचं.

एका पत्र्यावर टोळी बसलेली दिसताच चिंटूनं बिस्किटाचा पुडा काढला. मी तो पिशवीत टाकायला लावला. हातातलं खायची चटक लागली, की माकडं घरात घुसतात, हिसकावतात, चावतात. मग माणसं त्यांच्यावर दगड उचलतात. केनियाच्या अभयारण्यांतही खाऊ घालायला बंदी आहे.

चिंटू गाल फुगवून बसला, थेट माकडासारखा! थोड्या वेळानं म्हणाला, "मामा, जमिनीच्या कागदावर यांच्यातर्फे अंगठा कुणी उठवला असेल?"

"कुणीही असो, कोलोबसनं नक्कीच नाही!"