कर्तव्य नेहमी शेजाऱ्याचेच!

हक्कांची गोष्ट निघाली की माणसाला स्वतःची आठवण येते आणि कर्तव्याची निघाली की शेजाऱ्याची!

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेत मूलभूत कर्तव्यांची यादी नव्हती. १९७६ साली, आणीबाणीत, स्वर्णसिंग समितीच्या शिफारशीनंतर ४२ व्या दुरुस्तीने कलम ५१-क आले आणि दहा कर्तव्ये सांगितली गेली. अनेक हक्कांसाठी कोर्टाची दारे बंद असताना कर्तव्ये शिकवली जावीत, याचा सल राहतोच. पण म्हणून ती यादी टाकाऊ ठरत नाही.

राष्ट्रगीताचा मान राखणे तसे सोपे. उभे राहिले की झाले. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडणे, हे कर्तव्य मात्र थेट घरात शिरते. १५ ऑगस्टला सोसायटीत झेंड्याला सलामी देणारे गृहस्थ संध्याकाळी मुलाच्या लग्नात 'मानपान' किती, याची बोलणी करतात, तेव्हा ही सलामी कुठे जाते?

२००२ साली ८६ व्या दुरुस्तीने अकरावे कर्तव्य जोडले: ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षणाची संधी देणे. ते आईवडिलांचे वा पालकांचे, हे खरे. पण बारा वर्षांच्या मुलीला भांडी घासायला ठेवणारी सुशिक्षित गृहिणी हात झटकू शकते का?

केवळ या कलमाचा भंग झाला म्हणून कोर्ट शिक्षा देत नाही. घरातली मुले मात्र सारे पाहत असतात आणि उद्या तसेच वागतात.