आभाळातला दगड आणि 'टेस्टिंग फी'



दसऱ्याच्या आठ दिवस आधी मुखेड तालुक्यातल्या एका गावी आम्ही पोरांचे शिष्यवृत्तीचे आणि जात पडताळणीचे अर्ज भरून घेत होतो. काम आटोपत आले तेव्हा ओळखीच्या एका मावशी हळूच म्हणाल्या, "सर, जरा घरला येऊन जावा. एक वस्तू दावायची हाय."

लोखंडी पेटीतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेला दगड निघाला. काळाकुट्ट, नारळाएवढा, हाताला जड. उन्हाळ्यात विहिरीच्या कामावर थोरल्या मुलाला सापडलेला. लातूरहून आलेल्या एका इसमाने त्यांना सांगितले होते की हे उल्कापिंड आहे, परदेशी कंपनी कोटीत घेईल, फक्त आधी ८० हजार 'टेस्टिंग फी' भरा. १० हजार देऊन झाले होते. उरलेले ७० हजार ऊसतोडीच्या उचलीतून जाणार होते. म्हणजे कोयता हातात घेण्याआधीच जोडप्याची हंगामाची मजुरी या दगडावर लागणार होती.

थोरल्याने जुन्या स्पीकरचे चुंबक दोऱ्याला बांधून दगडाजवळ नेले. चुंबक ओढले गेले. खोटे कशाला सांगावे, क्षणभर आमच्याही काळजाचा ठोका चुकला. समाजशास्त्रात एम.ए. केले म्हणून कोटी रुपये नकोसे वाटतात असे नाही.

मग तेच चुंबक आम्ही धुण्याच्या दगडाजवळ धरले. तिथेही ओढले गेले. ओट्याच्या दगडाजवळ, तिथेही.

मराठवाड्यात फसवणुकीला आपली भूमीच मदत करते. लातूर जिल्हा आणि नांदेडचा बराच भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या काळ्या खडकावर, बेसाल्टवर बसला आहे. या खडकात मॅग्नेटाइट नावाचे लोहखनिज असते, त्यामुळे तो चुंबकाला थोडाफार ओढतोच. बहुतेक उल्कापाषाणांत लोखंड-निकेलचे कण असतात, म्हणून तेही ओढतात. म्हणजे चुंबकाला अजिबात दाद न देणारा दगड बहुधा उल्का नाही, एवढेच ही चाचणी सांगते. ओढले म्हणजे उल्का, हे ती सांगत नाही. दलाल नेमके हेच उलटे करून दाखवतो.

आम्ही दगडाची फुटलेली बाजू उन्हात धरली. बारीक बारीक छिद्रे, आणि काहींत पांढरे स्फटिक भरलेले. ही लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची खूण. उल्कापाषाणात अशी छिद्रे सहसा नसतात. नुकत्याच पडलेल्या उल्केवर मिलिमीटरभर जाडीचे काळे, वितळून झालेले कवच असते आणि आत रंग बहुधा फिकट राखाडी. कोपरा कानसीने घासला तर धातूचे चकाकते ठिपके दिसतात. हा दगड मात्र आतबाहेर सारखाच काळा. शिवाय विहिरीच्या अखंड खडकातून निघालेला दगड आभाळातून आला म्हणायचे, तर तो लाव्हा थंड होण्याआधी पडलेला असायला हवा!

खरी उल्का आपल्याकडे पडत नाही असे नाही. २२ मे २०१२ रोजी भरदुपारी नागपूर जिल्ह्यात काटोलला मोठा आवाज होऊन दगड पडले. भूवैज्ञानिकांनी ते गोळा केले, तपासले, आणि आज जगाच्या उल्कांच्या नोंदीत 'काटोल' हे नाव आहे. उलट २ एप्रिल २०२२ च्या रात्री आभाळातून जळत गेलेले आपण मराठवाड्यातूनही पाहिले, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला मोठे धातूचे कडे पडले. ते आभाळातूनच पडले, तरी उल्का नव्हते. अभ्यासकांच्या मते तो चिनी रॉकेटचा अवशेष होता. लोणारचे विवर तर १.८ किलोमीटर रुंद, पण ते उल्काघाताचे आहे हे शास्त्रज्ञांनी आघाताने काच झालेल्या खनिजांवरून ठरवले. 'लोणारची उल्का' म्हणून कुणी काळा खडा विकत असेल तर तो बहुधा तिथला बेसाल्टच.

जगभर संग्राहक उल्का ग्रॅमवर विकत घेतात, हेही खरे. लोखंडी उल्का कापून, घासून, आम्ल लावले की आत एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्यांची नक्षी उमटते. तो धातू लाखो वर्षे थंड होत गेल्याशिवाय ती नक्षी होत नाही. कुठल्याही भट्टीत ती जमायची नाही. म्हणूनच जाणकार संग्राहक दगड पाहतो तसा कागदही पाहतो: कुठे पडली, कधी, कुणी तपासली, अधिकृत नोंदीत नाव आहे का, तुकडा कुणाच्या हातून कुणाकडे आला.

इथे आम्हाला हसू आले आणि रागही आला. त्याच दिवशी सकाळी याच घरातल्या धाकट्या मुलीसाठी आम्ही १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधत होतो. आजोबांच्या शाळेचा दाखला, नाहीतर गावातली कुठली जुनी नोंद. आपण कोण आहोत हे सिद्ध करण्यात ज्या माणसांच्या पिढ्या गेल्या, त्यांनी पांढऱ्या शर्टातल्या त्या इसमाला एक कागद विचारला नव्हता. प्रयोगशाळेचे नाव नाही, पावती नाही. हा अडाणीपणा म्हणावा, तर २०१८ मध्ये दिल्ली पोलिसांनी 'राइस पुलर' प्रकरणात पकडलेल्या बापलेकांनी एका व्यापाऱ्यालाच १ कोटी ४३ लाखांना बुडवले होते. तांदूळ ओढणारा धातू, नासा विकत घेणार, आधी तपासणीचा खर्च द्या. तीच गोष्ट. फरक एवढाच की व्यापाऱ्याचे पैसे गेले. इथे फीची रक्कम सहा महिने ऊस तोडून फेडावी लागली असती.

आम्ही थोरल्याला म्हटले, त्याला फोन लाव आणि सांग, फी विक्रीच्या पैशातून कापून घ्या. कोटी मिळणार असतील तर ७० हजार थांबायला हरकत काय? फोन लागला. आधी कंपनीचा नियम निघाला, मग 'दुसरं गिऱ्हाईक बघतो', मग शिवी, मग फोन बंद.

आम्हाला वाटले, विषय संपला. थोरला मात्र मान खाली घालून म्हणाला, "सर, आमच्या वाट्याला काही आलं की आधी तुमीच त्याला खोटं म्हणता." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. मावशींनी चहा ठेवला.

१० हजारांची तक्रार द्यायला त्या तयार झाल्या नाहीत. चार दिवसांवर टोळी निघायची, ठाण्यात कोण हेलपाटे घालणार? ७० हजार मात्र वाचले. निघताना थोरल्याने भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाचा पत्ता विचारला. आम्ही तो लिहून दिला. घासलेल्या कोपऱ्याचा फोटो आधी पाठव, अख्खा दगड घेऊन भाडे खर्चू नकोस, असेही सांगितले. त्याने चिठ्ठी लुगड्यात ठेवली, दगड परत गुंडाळला आणि पेटीला कुलूप लावले.