सहाव्या वर्षीची दाढ

आमची धाकटी दुसरीत आहे. गेल्या रमजानमध्ये एका रात्री तरावीह आटोपून घरात पाऊल ठेवलं, तर ही गालावर हात दाबून रडत बसलेली. तिच्या दादींनी दाढेत लवंग धरायला दिली होती. "दुधाची दाढ आहे, पडून जाईल," त्या म्हणाल्या. आम्हीही तेच धरून चाललो. पोरगी सहरीपर्यंत झोपली नाही.

सकाळी औषध शोधताना कपाटात एक चिठ्ठी सापडली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलांची तपासणी करतं, त्यात दातही पाहतात. चिठ्ठी चार महिन्यांपूर्वीची होती : 'खालची दाढ किडली आहे, दंतवैद्यांना दाखवावे.' आमच्या वर्गातल्या मुलांच्या अशा चिठ्ठ्या आम्ही पालकांना बजावून देतो. आमच्याच घरची चिठ्ठी मात्र विजेच्या बिलाखाली पडून होती. शरमेनं मान खाली गेली.

माळशिरसहून अकलूजला गेलो. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि सांगितलं, ही दुधाची दाढ नाहीच. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे चार नव्या दाढा येतात. त्यांच्या जागी काही पडत नाही, म्हणून त्या आलेल्या घरात कळतही नाहीत. त्या जन्मभराच्या. आणि दुधाच्या मागच्या दाढाही दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायला हव्यात. आधीच काढल्या तर पक्क्या दातांची जागा बिघडते.

खर्च ऐकून आम्हाला आमची कुटुंबाची आरोग्य पॉलिसी आठवली. घेताना एजंटनं "सगळं कव्हर आहे" म्हटलं होतं. घरी येऊन कागद वाचले. दातांचे उपचार वगळलेले. अपघात होऊन रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तरच मिळणार. चौकशी केली तर बहुतेक पॉलिसींचं असंच असतं. काहींमध्ये जादा हप्ता भरून दात घेता येतात, पण तिथंही प्रतीक्षाकाळ, वर्षाची मर्यादा आणि ठरावीक दवाखाने. आम्हाला दाखवलेल्या यादीतला सर्वांत जवळचा दवाखाना पुण्यात होता. दाढ भरायला पुण्याला कोण जाणार? तेव्हा जुनी पॉलिसी मोठ्या आजारासाठी ठेवली आणि दातांसाठी पोस्टात आवर्ती ठेव उघडली. ती महिना १०० रुपयांपासून निघते.

डॉक्टर निवडताना आम्ही चार गोष्टी पाहिल्या. भिंतीवर डेंटल कौन्सिलचं नोंदणीपत्र आहे का. हत्यारं निर्जंतुक केलेल्या बंद पाकिटातून आपल्यासमोर काढतात का. उपचाराआधी खर्च कागदावर लिहून देतात का. आणि बोलतात कुणाशी, आमच्याशीच की मुलीशीही? या डॉक्टरांनी तिला आरसा हातात दिला आणि म्हणाले, "बेटा, तूच मोज तुझे दात." तिची भीती तिथंच निम्मी झाली. आपण घरी मात्र "ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" असं म्हणत असतो. ते आम्ही बंद केलं.

दाढेची मुळं अजून पुरी वाढलेली नव्हती, म्हणून नस जिवंत ठेवूनच औषध भरलं. बाकीच्या तीन दाढांच्या खाचाही बुजवून घेतल्या. दाढ टिकेल का, हे दर सहा महिन्यांनी पाहावं लागेल. अल्लाहकडे दुआ आहेच.

दादींना आता पटलंय. मिसवाकची सुन्नत घरात पहिल्यापासून आहेच. त्याच्या जोडीला रात्री झोपताना फ्लोराइडची पेस्ट, मटारच्या दाण्याएवढी, आणि ब्रश आम्ही स्वतः फिरवतो. शीरखुर्मा आणि खजूर खाल्ल्यावर चूळ भरायची, हा नवा नियम.

या वर्षी पथक येऊन गेलं की आम्ही वर्गातल्या प्रत्येक चिठ्ठीवाल्या मुलाच्या घरी फोन करणार आहोत. पथकानं ज्यांना पुढं पाठवलं, त्यांचे शासकीय रुग्णालयातले उपचार मोफत होतात, हे पुष्कळ आयांना ठाऊक नसतं. तुमचं मूल सहा-सात वर्षांचं असेल, तर आज त्याला उजेडात बसवा, तोंड उघडायला सांगा आणि सगळ्यात मागची दाढ पाहा.